पाहुणे सेवक आणि यजमान गाव

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२० एप्रिल १९६८ रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका परिषदेपुढे इव्हान इलिच यांचे भाषण झाले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन तेव्हा अवघे सोळा दिवस उलटले होते. शिकागो, वॉशिंग्टन, बाल्टिमोर येथील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत लागलेल्या आगी नुकत्याच विझल्या होत्या. व्हिएतनाममध्ये पाच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक लढत होते. आणि परिषदेपुढचा विषय काय होता? येत्या उन्हाळ्याच्या सुटीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवाकार्यासाठी कोणी आणि कसे जावे, हा.

इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले कॅथलिक धर्मगुरू. न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिकोतून पोट भरायला आलेल्या लोकांच्या वस्तीत त्यांनी काही वर्षे काढली होती. पुढे प्रत्यक्ष प्वेर्तो रिकोतील कॅथलिक विद्यापीठात ते अधिकारपदावर होते. १९६१ पासून मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे ते एक केंद्र चालवीत होते. लॅटिन अमेरिकेकडे निघालेल्या मिशनऱ्यांना आणि स्वयंसेवकांना स्पॅनिश शिकविणे हे त्या केंद्राचे उघड काम. त्यांच्या डोक्यातला उद्धारकाचा अहंकार उतरविणे हे त्यामागचे खरे काम. लॅटिन अमेरिकेतून सर्व अमेरिकन स्वयंसेवकांनी आपण होऊन माघारी जावे, असे त्यांचे मत जाहीर होते. विद्यार्थ्यांनी ते मत ठाऊक असूनही त्यांना बोलावले, हे त्या विद्यार्थ्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. या तरुणांच्या हेतूविषयी त्यांना शंका नव्हती. त्यांचा आक्षेप असा होता की, हेतू शुद्ध असल्याने परिणाम शुद्ध होत नाही. ज्या खेड्याची भाषा नीट येत नाही, ज्याच्या जीवनाची घडण ठाऊक नाही, तेथे दोन महिने राहणारा तरुण नकळत एकाच गोष्टीचा प्रचारक ठरतो: तो ज्या मध्यमवर्गीय, उपभोगप्रधान जीवनातून आला त्या जीवनाचा. त्याला परक्या संस्कृतीचा धक्का बसू नये म्हणून पैसा खर्च होतो. त्याच्या येण्याने खेड्याला जो धक्का बसेल त्याची फिकीर कोणी करीत नाही. शिवाय हे खेडे त्याला ‘तू जा’ असे म्हणूही शकत नाही. त्याच्या स्वतःच्या शहरातील गरीब मात्र त्याला त्याच्याच भाषेत खडसावू शकतात. म्हणून सेवाच करायची तर तेथे करावी. मेक्सिकोत यावे ते पाहायला, डोंगर चढायला, शिकायला. मदत करायला येऊ नये.

हे भाषण आजही जगभर वाचले जाते. गंमत अशी की, अनेक विद्यापीठांत परदेशी सेवासहलीला निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तेच वाचायला दिले जाते. विद्यार्थी ते वाचतात, त्यावर गंभीरपणे चर्चा करतात आणि मग विमानात बसतात.

तेव्हा केवळ बोचऱ्या शब्दांनी हा प्रश्न सुटत नाही. तो समजून घ्यायचा तर इलिच यांच्या भाषणाच्या थोडे मागे जावे लागेल, आणि एका बाबतीत त्यांच्या पुढेही.

१४ ऑक्टोबर १९६० रोजी रात्री दोनच्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या आवारात जॉन केनेडी यांनी हजारो विद्यार्थ्यांना विचारले, की तुमच्यापैकी किती जण डॉक्टर, इंजिनियर होऊन घाना किंवा तत्सम देशांत काही वर्षे काम करायला तयार आहेत. तो निवडणुकीचा प्रचार होता. १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ची स्थापना झाली आणि त्याच वर्षी पहिले स्वयंसेवक घानात उतरले. १९६१ हेच साल क्यूबावरील पिग्सच्या उपसागरातील फसलेल्या आक्रमणाचेही आहे, आणि लॅटिन अमेरिकेसाठी मोठा गाजावाजा करून जाहीर झालेल्या ‘प्रगतीसाठी मैत्री’ या योजनेचेही. क्यूबातील क्रांती खेड्याखेड्यांतून पसरू नये म्हणून एका हाताने शस्त्रे पाठवायची आणि दुसऱ्या हाताने सदिच्छा, असे ते धोरण होते. त्या सदिच्छेत सामील झालेली मुले मात्र धोरणकर्ती नव्हती. त्यांपैकी बऱ्याच जणांना आपण कोणाच्या घोड्यावर स्वार झालो आहोत हे परदेशी गेल्यावरच कळले. मे १९७० मध्ये कंबोडियावरील आक्रमणाच्या निषेधार्थ परत आलेल्या स्वयंसेवकांच्याच एका संघटनेने वॉशिंग्टनमधील पीस कोअरच्या मुख्य कार्यालयाचा काही भाग ताब्यात घेतला होता. साम्राज्यवादाने पाठविलेले सगळेच दूत साम्राज्यवादी होऊन परतत नाहीत, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

भारतातही पीस कोअर १९६१ ते १९७६ पर्यंत होती. कुक्कुटपालन, शेती, आरोग्य अशा कामांत तिचे स्वयंसेवक होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर या साठी उलटून गेल्यावर मुंबईजवळ विक्रोळीच्या कामगार वसाहतीतील दवाखान्यात काम करीत होत्या, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. बोलिव्हियाने १९७१ मध्ये पीस कोअरला देशाबाहेर काढले. त्याआधी दोन वर्षे होर्हे सान्हिनेस यांच्या एका चित्रपटाने आदिवासी स्त्रियांची त्यांच्या नकळत नसबंदी केल्याचा आरोप पडद्यावर आणला होता. त्या आरोपाच्या तपशिलाबद्दल वाद आहेत. पण आरोप देशभर खरा मानला गेला, यातच त्या सदिच्छेची पत काय उरली होती ते दिसते.

आता मेक्सिकोच्या खेड्याकडे वळू. सेवासहलीच्या माहितीपत्रकात हे खेडे नेहमी एकाच रूपात येते: मातीच्या भिंती, अनवाणी मुले, गढूळ पाण्याची विहीर. जणू हे खेडे आदिकालापासून असेच पडून आहे आणि कोणी तरी येऊन त्याची भिंत रंगविण्याची वाट पाहत आहे. वस्तुतः त्या खेड्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास त्या विद्यार्थ्याच्या देशाशी घट्ट बांधलेला आहे.

क्वेर्नावाका ही मोरेलोस राज्याची राजधानी. याच राज्यात उसाच्या प्रचंड जमीनदाऱ्यांनी गावांच्या सामाईक जमिनी गिळल्या, आणि याच राज्यातून एमिलियानो झपाटा यांनी १९११ मध्ये जमीन परत मिळविण्यासाठी बंड उभारले. क्रांतीनंतर लाझारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत, १९३४ ते १९४० या सहा वर्षांत, सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन ‘एखिदो’ या सामाईक मालकीच्या पद्धतीने खेड्यांकडे गेली. जमीन आली, पण पाणी, पतपुरवठा आणि बाजार बहुतांशी बड्या शेतमालकांकडे राहिला. अशा खेड्यांतील तरुण मग उत्तरेकडे निघाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात शेतमजुरांविषयी करार झाला. युद्धामुळे अमेरिकेत मजुरांचा तुटवडा होता. युद्ध संपले तरी योजना संपली नाही. ती १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. या बावीस वर्षांत पंचेचाळीस लाखांच्या वर करारपत्रे झाली. या मजुरांना ‘ब्रासेरो’ म्हणत. ब्रासो म्हणजे बाहू. माणूस नव्हे, हात हवे होते, हे त्या नावातच आहे. सरहद्दीवरील केंद्रांत त्यांना उघडे करून तपासले जाई आणि त्यांच्या अंगावर डीडीटी फवारली जाई. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतील दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापून मेक्सिकोतील बँकांकडे जमा होई. असंख्य मजुरांना ती कधीच मिळाली नाही आणि म्हातारपणी, या शतकाच्या प्रारंभी, त्यांना तिच्यासाठी मोर्चे काढावे लागले, न्यायालयात जावे लागले. कॅलिफोर्नियाच्या शेतांत त्यांच्या हाती आखूड दांड्याची कुदळ दिली जाई. तिने काम करायचे तर दिवसभर कंबरेत वाकून राहावे लागते. मुकादमाला लांबून एका दृष्टिक्षेपात कळते, की ताठ उभा असलेला मजूर काम करीत नाही. पाठीचे मणके झिजविणारे हे अवजार कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये बंद झाले.

म्हणजे उन्हाळ्यात काय होत होते ते पाहा. खेड्यातील धडधाकट पुरुष उत्तरेला जाऊन अमेरिकेच्या शेतात राबत होता, आणि अमेरिकेतील विद्यार्थी दक्षिणेला येऊन त्याच्या घरच्या माणसांना आरोग्याचे धडे देत होता. दोघे वाटेत एकमेकांना ओलांडून जात होते. विद्यार्थ्याच्या घरच्या जेवणातील टोमॅटो, द्राक्षे आणि कोशिंबिरीचा पाला त्याच माणसाच्या हातचा असे. विद्यार्थ्याला त्याचे दारिद्र्य दिसले ते मात्र दोन हजार मैल दूर गेल्यावर. घराशेजारच्या शेतात ते दारिद्र्य पैदा होत असताना ते त्याला दिसले नाही, कारण तेथे ते ‘शेतीव्यवसाय’ या नावाने वावरत होते.

यात विद्यापीठ कोठे होते, हेही विचारायला हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी टोमॅटो काढणारे यंत्र आणि त्या यंत्राला सोसेल असा टणक टोमॅटो तयार केला. ब्रासेरो योजना बंद पडताच बड्या मालकांनी ते यंत्र झपाट्याने आणले. हजारोंची मजुरी गेली आणि लहान शेतकरीही त्या पिकातून हटले. सार्वजनिक पैशाने चालणारे विद्यापीठ मालकांचे संशोधन का करते, असा सवाल करीत १९७९ मध्ये शेतमजुरांच्या वतीने खटला भरला गेला. सेवासहलीला निघालेल्या मुलांना हा प्रश्न आपल्या विद्यापीठाच्या दारातच विचारता आला असता.

काहींनी तो विचारलाही. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे फिलिपिनो द्राक्षकामगारांनी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. आठवडाभरात सीझर चावेझ यांच्या मागे असलेले मेक्सिकन कामगार त्यात सामील झाले. संप पाच वर्षे चालला. केवळ शेतावर तो जिंकता येत नव्हता, कारण मालक रोज नवे मजूर आणीत. मग कामगार देशभरच्या शहरांत पसरले आणि ‘द्राक्षे खाऊ नका’ असा बहिष्कार उभा राहिला. दुकानांपुढे निदर्शने करणे, वसतिगृहांच्या खानावळीतून द्राक्षे हटविणे, बंदरात माल उतरवू नये म्हणून गोदी कामगारांना विनविणे ही कामे हजारो विद्यार्थ्यांनी केली. त्यात छायाचित्र काढण्यासारखे काही नव्हते. थंडीत दुकानाबाहेर फलक धरून उभे राहायचे आणि लोकांची बोलणी खायची. जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मालकांनी युनियनशी करार केले. मेक्सिकोच्या खेड्याला या मुलांनी जी मदत केली ती त्यांपैकी बहुतेकांनी ते खेडे न पाहताच केली.

येथपर्यंत इलिच यांचे म्हणणे मान्य करता येते. नव्हे, त्याला अर्थशास्त्राची जोड दिली तर ते अधिकच बळकट होते. परंतु इलिच तेथेच थांबले नाहीत. परक्या देशातील गरिबासाठी काही करण्याचा अधिकारच कोणाला नाही, असे त्यांचे म्हणणे टोकाला गेले की ते जेथे पोचते तेथे आंतरराष्ट्रीयवादालाही जागा उरत नाही. स्पेनमध्ये लढायला गेलेल्या तरुणांना स्पॅनिश कोठे धड येत होते? समाजवाद्यांनी येथे सावधपणे वेगळी वाट धरली पाहिजे.

२८ एप्रिल १९८७ रोजी निकाराग्वाच्या उत्तरेकडील सान होसे दे बोकाय या दुर्गम भागात बेन लिंडर नावाचा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन इंजिनियर मारला गेला. वॉशिंग्टन विद्यापीठातून पदवी घेतल्यावर १९८३ मध्ये तो निकाराग्वात आला होता. सोमोझाची हुकूमशाही उलथून चार वर्षे झाली होती आणि अमेरिकन सरकारच्या पैशावर पोसलेल्या ‘कोन्त्रा’ टोळ्या सरहद्दीवरील खेड्यांत दवाखाने, शाळा, सहकारी शेते उद्ध्वस्त करीत होत्या. लिंडर निकाराग्वाच्या वीजसंस्थेच्या हाताखाली काम करीत असे. एल कुआ या गावी त्याच्या मदतीने एक लहान जलविद्युत केंद्र उभे राहिले. त्याला सर्कशीतल्या विदूषकाची कला येत असे. गोवराची लस टोचायची मोहीम निघाली की तो विदूषकाच्या वेषात एकचाकी सायकलवर पुढे निघे आणि मुले त्याच्या मागे धावत येत. बोकायला दुसरे केंद्र उभारायचे होते. ओढ्याचा प्रवाह मोजण्यासाठी तो लहानसा बांध घालीत असताना कोन्त्रांनी हल्ला केला. त्याच्याबरोबर सेर्हियो एर्नांदेस आणि पाब्लो रोसालेस हे दोन निकाराग्वावासीही मेले. जगाने लिंडरचे नाव लक्षात ठेवले. त्या दोघांची नावे फारच थोड्यांना ठाऊक आहेत. या असमतेविषयी इलिच यांनी जे सांगितले असते ते येथेही खरेच आहे.

तरीही लिंडर आणि उन्हाळी सहलीचा विद्यार्थी यांना एका मापाने मोजता येणार नाही. लिंडरला काम नेमून देणारे निकाराग्वाचे होते. काम नको असते तर त्याला परत पाठविण्याचा अधिकार त्यांचा होता. तो हौसेने दोन महिन्यांसाठी आला नव्हता. आणि मुख्य म्हणजे, आपल्या सरकारने जे युद्ध लादले त्याच्या विरुद्ध बाजूला तो उभा होता. निकाराग्वात त्या काळात कॉफीच्या हंगामात परदेशी तरुणांची पथकेच्या पथके येत. ती मुले कॉफीची फळे फार सफाईने वेचीत असे कोणीच म्हणणार नाही. पण माघारी जाऊन ती आपल्या गावच्या सभांतून, वृत्तपत्रांतून या युद्धाविषयी बोलत. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जून १९८६ मध्ये अमेरिकेला निकाराग्वाविरुद्धच्या कारवायांबद्दल दोषी धरले, तेव्हा अमेरिकेतील लोकमत सुन्न राहिले नव्हते, यात या परतलेल्या मुलांचा वाटा आहे.

क्यूबाची हकीगत थोडी निराळी. १९६९ च्या अखेरीस ‘वेन्सेरेमोस’ पथक या नावाने दोनशेच्या वर अमेरिकन तरुण आपल्या सरकारची बंदी झुगारून मेक्सिकोमार्गे क्यूबात ऊस तोडायला गेले. त्या हंगामात एक कोटी टन साखरेचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षात पंच्याऐंशी लाख टनांच्या आसपास साखर झाली, बाकीची अर्थव्यवस्था त्या ओढाताणीत विस्कटली, आणि २६ जुलै १९७० च्या सभेत फिडेल कास्त्रो यांना अपयशाची जाहीर कबुली द्यावी लागली. क्यूबाला त्या अमेरिकन मुलांच्या कोयत्याची गरज नव्हती. किंबहुना नवशिक्यांनी बुडख्याऐवजी वरून तोडलेल्या उसाने शेताचे नुकसानच होते, हे आपल्याकडचा कोणताही ऊसतोड्या सांगेल. त्या पथकाचा उपयोग होता तो अमेरिकेलाच. ही गोष्ट यजमान आणि पाहुणे दोघांनाही माहीत होती, आणि कोणी तिला सेवा म्हणत नव्हते. एवढा प्रामाणिकपणा असला म्हणजे पुष्कळ झाले.

चियापासचे उदाहरण तर इलिच यांच्या म्हणण्याला थेट छेद देते. १ जानेवारी १९९४ रोजी उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात आला आणि त्याच पहाटे मेक्सिकोच्या दक्षिणेस चियापासमध्ये माया आदिवासी झपाटाच्या नावाने उठले. दोनच वर्षांपूर्वी राज्यघटनेत दुरुस्ती होऊन एखिदोच्या सामाईक जमिनी खाजगी मालकीत जाण्याची वाट मोकळी झाली होती, आणि अनुदानाच्या जोरावर पिकलेला अमेरिकन मका आता मेक्सिकोच्या बाजारात लोटणार होता. उठावानंतर सैन्याने खेड्यांना वेढा दिला. १९९५ पासून तेथील मानवी हक्क केंद्राच्या मार्फत, गावांच्या संमतीने, परदेशी आणि मेक्सिकन तरुण गावागावांत शांतताछावण्या करून राहू लागले. त्यांनी काय करायचे? भिंत रंगवायची नाही, शाळा बांधायची नाही, शिकवायचेही नाही. गावात राहायचे, आणि सैन्याच्या किती गाड्या केव्हा गेल्या, किती सैनिक होते, कोणाला थांबविले, हे वहीत टिपायचे. इलिच म्हणत होते, की अमेरिकन असण्याने मिळालेली सत्ता टाकून द्या. येथे आदिवासी म्हणत होते, की ती तुमच्या पारपत्रातील सत्ता काही आठवडे आमच्या दारात उभी करा; परक्याच्या डोळ्यांदेखत सैनिक गोळी झाडायला कचरतो. या छावण्यांनी सारे वाचविले असे नाही. २२ डिसेंबर १९९७ रोजी आक्तेआल येथे प्रार्थनेला जमलेल्या पंचेचाळीस जणांची, बहुतांशी स्त्रिया व मुलांची, निमलष्करी टोळीने कत्तल केली. पण पुढच्या वर्षी मेक्सिकोच्या सरकारने परदेशी निरीक्षकांना हद्दपार करण्याचा सपाटा लावला, त्यावरून ही वही कोणाला खुपत होती ते कळते. भिंत रंगविणाऱ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही सरकारने हद्दपार केल्याचे उदाहरण सहसा सापडत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न बोलावणे कोणाचे, हा आहे. आणि दुसरा, ‘नको’ म्हणण्याची मुभा यजमानाला आहे काय, हा. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिअर सेरेझोल या स्विस शांततावाद्याने व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त फ्रेंच खेड्यात पहिले आंतरराष्ट्रीय सेवाशिबिर भरविले. त्यात जर्मन स्वयंसेवकही होते. ज्यांनी गाव बेचिराख केले त्यांच्याच देशाची माणसे विटा रचताहेत हे तेथे सोसले गेले नाही, विरोध झाला, आणि काही महिन्यांत शिबिर आवरावे लागले. सेरेझोल यांनी त्यासाठी गावाला दोष दिला असता तर ते शिबिर खरोखर फसले असते. ते गेले. हेच सेरेझोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले, राजेंद्रप्रसादांशी बोलून मुजफ्फरपूरकडील पूरग्रस्त खेडी उंचावर वसविण्याच्या कामाला लागले आणि पुन्हा पुन्हा येऊन ते काम त्यांनी धसाला लावले. बरोबर युरोपियन मोजके दोन-चार. बाकी राबणारे हात गावचे.

आजच्या सेवासहलींत हे दोन्ही प्रश्न विचारायला जागाच नाही, कारण आता तेथे गिऱ्हाईक विद्यार्थी आहे. तो पैसे भरतो. त्याला मोबदल्यात गरीब खेडे दाखविणे, त्यात हाताला काही काम देणे आणि ठरल्या तारखेला परत आणणे हा धंदा झाला आहे. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे माल तयार होतो, हा बाजाराचा नियम येथेही चुकत नाही. कंबोडिया आणि नेपाळमध्ये पाहुण्यांना अनाथ मुलांची सेवा करायची होती, म्हणून अनाथालये वाढली. त्यांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असल्याचे आढळले. शिक्षणाचे आमिष दाखवून खेड्यांतून मुले आणून ‘अनाथ’ केली जात होती. पोरकेपण पैदा करणारी सदिच्छा याहून उघड स्वरूपात क्वचितच पाहायला मिळेल.

आणि गिऱ्हाईक आता केवळ गोरे नाही. परदेशी विद्यापीठाच्या अर्जावर समाजसेवेचा रकाना भरायचा म्हणून मुंबई-पुण्याच्या महागड्या शाळांतील मुलेही अशा सहलींना निघतात. कोणी नेपाळला जाते, कोणी आफ्रिकेला, कोणी नुसतेच मेळघाटला. अंतर बदलते, नाते तेच राहते.

आपल्याकडे १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, राष्ट्रीय सेवा योजना सदतीस विद्यापीठांतील चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांतून अनेक चांगले कार्यकर्ते घडले आहेत, हे विसरता कामा नये. पण ब्रासेरोची गोष्ट ऐकल्यावर बीड जिल्ह्यातील शिबिराकडे एकदा नव्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. ही शिबिरे बहुधा डिसेंबर-जानेवारीत भरतात. तेव्हा त्या गावांतील कित्येक घरांना कुलूप असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशा हिशेबाने मुकादमाची उचल घेऊन माणसे दिवाळीच्या आगेमागे निघून गेलेली असतात. कोल्हापूर, सांगली, पुणे, थेट बेळगावपर्यंत. मागे म्हातारी माणसे, आणि शाळेसाठी ठेवलेली असतील तर मुले. विद्यार्थी त्या रिकाम्या गावात रस्ता झाडतात, व्यसनमुक्तीचे पथनाट्य करतात, शेवटच्या दिवशी सरपंच नारळ देतात. आणि ज्यांचे गाव म्हणून ते झाडले, ती माणसे त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या महाविद्यालयाच्या मागच्या रानात, पाचटाच्या कोपीत, उघड्यावर असतात. पुष्कळदा ते महाविद्यालय ज्या शिक्षणसंस्थेचे, तिचे अध्यक्ष आणि त्या साखर कारखान्याचे अध्यक्ष एकच असतात.

शिबिराची जागा ठरविण्याची बैठक बहुतेक महाविद्यालयांत नोव्हेंबरात होते. त्या बैठकीत एखाद्या विद्यार्थ्याने उठून विचारावे, की यंदा शिबिर बीडच्या गावात न घेता कारखान्याच्या तळावर घेता येईल का. कोप्यांतील किती मुलांची नावे जवळच्या शाळेत घातली गेली, तोडणीचे वजन कोण करते, उचलीचा हिशेब कोणाच्या वहीत असतो, गेल्या हंगामात बाळंत झालेल्या बायांना कितव्या दिवशी फडात उतरावे लागले, हे सात दिवस कोप्या-कोप्यांतून बसून टिपता येईल का. आणि त्याआधी तेथील मजुरांना विचारता येईल का, की आम्ही आलेले तुम्हांला चालेल काय. प्राचार्य काय उत्तर देतात ते त्याने लिहून आणावे. पुढच्या अभ्यासवर्गाची सुरुवात त्या टिपणापासून करता येईल.